दोन बोटं ठेवून कापायची

२ फेब्रुवारी २००४

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, पेशंट रोज काय खाते, किती खाते ते लिहून ठेवा. घरात कोरी वही न्हवती. अप्पांच्या कंपनीनं नव्या वर्षाला दिलेली डायरी तशीच पडलेली, तीच घेतली. जानेवारीची पानं वाया गेली.

लिहायचं काम माझ्याकडं, कारण अप्पांचं अक्षर अप्पांनाच परत लागत न्हाय. आणि मी दिवसभर घरातच असते. गेल्या दिवाळीपास्नं शाळा बंद. नववी अर्धीच झाली. सगळ्यास्नी वाटतंय अव्वा आजारी पडली म्हणून पोरीनं शाळा सोडली, किती गुणाची. तसं न्हाय. मला आधीपास्नंच सोडायची होती. बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला की आवाजच फुटायचा न्हाय. एकदा फुटला तर आईच्या जागी 'अव्वा' वाचलं, आणि पोरी आठ दिवस मला अव्वा म्हणून हाका मारायच्या. मग अव्वाच्या गळ्यात गाठ निघाली आणि मला कारण मिळालं. हे मी कुणाला सांगितलेलं न्हाय. डॉक्टर ही डायरी बघणार असतील तर हे पान फाडून टाकीन.

वजन ४२.
अव्वानं खाल्लं: सकाळी अर्धी भाकरी दुधात. दुपारी आमटी-भात, निम्मा ताटातच राहिला. रात्री दूध.

९ फेब्रुवारी

आजपास्नं लाईट सुरू, म्हणजे गाठीवर मशिनीचा शेक. तीस लाईट द्यायच्यात, रोज एक. एष्टीनं जायचं, दहा मिनिटं आत, परत एष्टीनं यायचं. अप्पांनी पहिले चार दिवस रजा काढली, मग मीच नेणार. मला केसपेपरच्या खिडकीशी बोलायचं टेन्शन आलंय. अव्वा म्हणते, "मी बोलते, तू नुसती हात धर."

घरी आल्यावर खालच्या विमलाकाकू अंगणात उभ्या होत्या. हे घर त्यांचं. त्या खाली एकट्या, त्यांचा मुलगा धवल पुण्याला असतो. वरच्या दोन खोल्यांत आमी. अकरा वर्सं झाली. काकू जैन. खोली देताना एकच अट घातलेली, घरात कांदा-लसूण शिजायचा न्हाय. आमी लिंगायत, मटण-मच्छीचा प्रश्नच न्हाय, पण अव्वा सीमेवरच्या गावची, लसणाशिवाय तिला जेवल्यागत वाटायचं न्हाय. तरी अकरा वर्सं तिनं घरात एक पाकळी आणली न्हाय. अप्पा बाहेर भजी खाऊन आले तर त्यांना खालच्या नळावर चूळ भरायला लावायची.

"कसं काय बसव्वा?" काकूनी विचारलं.
"बरं हाय अक्का. एक झाली, एकोणतीस राहिल्या."


खाल्लं: आंबील एक वाटी. केळं.

२३ फेब्रुवारी

वजन ३९.

अव्वा म्हणते तोंडाला चवच न्हाय. साखर टाकली तरी माती, मीठ टाकलं तरी माती. घसा आतनं सोललाय. भाकरी बंद झाली. गळ्यातल्या लिंगाचा दोरा सैल पडून पार पोटापर्यंत येत होता. आज तिनं त्याला गाठ मारून आखूड केला आणि हसून म्हणाली, "बघ दानव्वा, दोरा वाढला."

सकाळी पूजा केल्याशिवाय ती अजून तोंडात पाणी घेत न्हाय. विभूती लावते, लिंग तळहातावर धरून बसते. पहिल्यापेक्षा जास्त वेळ बसते.

"काय खावंसं वाटतंय?" मी विचारलं.
"माझी अव्वा ताकातल्या कण्या करायची. ज्वारी भरडून, मऊ शिजवून, ताक घालून. वर लसणाची कवळी पात. असं हिरवंगार."
मग लगेच म्हणाली, "जाऊ दे. नुसत्या कर."

नुसत्या केल्या. तीन चमचे.

२९ फेब्रुवारी

अप्पा आज ओल्या पोत्यात गुंडाळून एक गवताचा झुबका घेऊन आले. अप्पांची कंपनी कागलच्या एमआयडीसीत. तिथं एक जर्मन साहेब आलता मशिनी बसवायला, त्याच्या बंगल्यामागं ही भाजी लावलेली. साहेब गेला. माळी हाय सयाजीमामा, कोडोलीचा, त्यो उपटून टाकणार होता.

"ह्येचं नाव चाईव का कायतरी," अप्पा म्हणाले. "साहेब अंड्यावर कच्चीच भुरभुरायचा म्हणं. वास बघ."

मी चुरगाळून वास घेतला. लसणाचा बी न्हाय, कांद्याचा बी न्हाय, पण दोघांच्या घरचाच.

अव्वा अंथरुणावरनं म्हणाली, "अवं, अक्काला काय सांगायचं?"
"काय सांगायचं म्हणजे? अट काय हाय? कांदा न्हाय, लसूण न्हाय. ह्यो कांदा हाय? न्हाय. लसूण हाय? न्हाय. खाली गड्डाच धरत न्हाय, बघ की."
"वकील व्हायला पाहिजे होता तुमी."
"सासऱ्यानं शिकवलं असतं तर झालो असतो."

अव्वा हसली आणि मग खोकली. लई दिवसांनी हसली.

गोड्या तेलाचा डबा होता, त्याला बुडाला भोकं पाडली, मातीत शेणखत मिसळलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं ठेवलाय, काकूंच्या नजरेत येणार न्हाय असा. सयाजीमामानं सांगून धाडलंय, पंधरा दिवस हात लावायचा न्हाय. मग कापायची, पण उपटायची न्हाय, सुरीनं न्हाय, कातरीनं. बुडाला दोन बोटं ठेवून. तेवढी ठेवली की परत वर येते. कितींदा बी कापा, येतच राहते.

१४ मार्च

आज कापली.

पहिली वाटी मी वाया घालवली. फोडणीत टाकली तर काळी पडून वासच गेला. दुसऱ्यांदा कण्या शिजवून, ताक घालून, कोमट झाल्यावर अप्पांच्या मिशीच्या कातरीनं वरनं बारीक कातरली. पांढऱ्यावर हिरवं.

अव्वानं चमचा तोंडात घेतला आणि तशीच थांबली. मला वाटलं ठसका लागला.

"लागलं," ती म्हणाली.
"काय लागलं? घशाला?"
"चव लागली गं."

डोळ्यांतनं पाणी येत होतं तिच्या. घसा दुखत असंल. पाच चमचे खाल्ल्या. पाच! अप्पांनी कंपनीतनं आल्या आल्या डायरी उघडून हे बघितलं आणि परत एकदा बघितलं.

१७ मार्च

वजन ३६. डॉक्टरांनी लाईट थांबवली. अठ्ठावीस झाल्यात, दोन राहिल्यात. म्हणाले, एवढ्या वजनाला झेपणार न्हाय, अडतीस झालं की परत आणा, मग पुऱ्या करू.

म्हणजे दोन किलो. दोन किलो वाढवायचं काम माझं. मी केसपेपरच्या खिडकीशी बोलू शकत न्हाय पण कण्या करू शकते.

पात परत चार बोटं आली. खरंच येते.

२५ मार्च

आता अव्वा म्हणते, तू समोर बसलीस की घास उतरत न्हाय, लाज वाटते. वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेव, मी सावकाश खाते, तू तुझी कामं कर. तसं केलं. अर्ध्या तासानं आले तर वाटी रिकामी! संध्याकाळी परत रिकामी.

खाल्लं: सकाळी कण्या वाटीभर, पात घालून. दुपारी वाटीभर. संध्याकाळी वाटीभर.

इतकं छान पान ह्या डायरीत पहिल्यांदाच.

२ एप्रिल

आज अप्पा लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर अव्वाला घेऊन गेले. ३५ आणि थोडं वर. मी म्हटलं काटा खोटा असणार. रोज तीन वाट्या खाणाऱ्या माणसाचं वजन कमी कसं होईल? काट्यावाला लाकडं मोजतो, त्याला माणसाचं काय कळतंय.

खिडकीत कावळे लई झालेत हल्ली. वाटी ठेवली की लगेच तारेवर येऊन बसतात. मी फडकं मारून हाकलते, नायतर अव्वाच्या तोंडातला घास काढून घेतील.

आणि खाली काकू आता आमच्या खिडकीखालचं अंगण दिवसातनं दोन-तीनदा झाडतात. पहिलं सकाळी एकदाच झाडायच्या. झाडताना वर बघत पण न्हाईत. त्यांना कसला तरी राग आलाय असं वाटतंय.

खाल्लं: तीन वाट्या.

५ एप्रिल

सापडलं.

काकू कुरडया वाळत घालायला जागा बघायला गच्चीवर आल्या, आणि सरळ टाकीमागं गेल्या. मी बादली घेऊन वर येत होते. पाय जिन्यातच थांबले.

"दाने, हे काय गं?"
माझ्या तोंडातनं "गवत" एवढंच आलं.
काकू वाकल्या. पान तोडलं न्हाय, नुसतं बोटात धरून वास घेतला. "कोल्हापुरातल्या गवताला लसणाचा वास कदीपास्नं यायला लागला?"

अप्पा बनियनवरच पळत वर आले. "काकू, ह्यो कांदाबी न्हाय, लसूणबी न्हाय. खाली गड्डा न्हाय बघा. जर्मन भाजी हाय."
"भरमाप्पा, तुमी कंपनीत मशिनी जोडता त्या जोडा. मला भाजी शिकवू नका. नाक हाय मला."
"काकू, तिला दुसऱ्या कशानं जेवण जात न्हाय वो."

काकू सरळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडं बघून विचारलं, "कण्यांवर घालतीस व्हय?"
मी मान हलवली. कण्यांचं त्यांना कसं कळलं काय माहीत. वासावरनं कळलं असंल.

काकू खाली गेल्या. ठेवा म्हणाल्या न्हाईत, फेका म्हणाल्या न्हाईत. दार लावल्याचा आवाज आला.

आता खोली सोडायला लावतील. अव्वाला घेऊन कुठं जायचं?

६ एप्रिल

अव्वाला सगळं सांगितलं. ती घाबरली न्हाय. म्हणाली, "फेका म्हटलं न्हाय न्हवं? मग त्यांनी आपल्यासाठी त्यांचा नेम वाकवलाय. आपणबी त्यांच्यासाठी कायतरी पाळायला पाहिजे."

काकू अष्टमीला आणि चौदसला हिरवं काय चिरत न्हाईत, तोडत न्हाईत. सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जाऊन येतात आणि त्या दिवशी डाळच करतात. अव्वा म्हणाली, त्या दोन तिथींना आपणबी पात कापायची न्हाय. कितीबी भूक असू दे. त्यांना सांगायचं बी न्हाय, उपकार केल्यागत.

"घे शपथ," म्हणाली आणि गळ्यातलं लिंग पुढं केलं. मी हात लावला. त्याच्यावर तिच्या अंगाची ऊब होती.

ह्या डायरीत प्रत्येक पानावर तिथी छापलीय. वर्षभराच्या सगळ्या अष्टम्या आणि चौदसी मी लाल पेनानं गोल करून ठेवल्या. अगदी डिसेंबरपर्यंत.

१९ एप्रिल

मिरजेवरनं आलो. दहा तारखेला अव्वाला पाणीबी गिळंना म्हणून ॲडमिट केली, सलाईनवर होती. डायरी घरीच राहिली.

चांगली गोष्ट अशी की डॉक्टर म्हणाले आता परत आणू नका, घरीच ठेवा, आवडेल ते खायला घाला. म्हणजे सुधारणा हाय. अप्पांना मी तसं म्हटलं तर ते स्टँडवर चहाचा कप हातात धरून नुसते बसले. चहा गार झाला, तरी प्याले न्हाईत. एष्टी लागली तेव्हा कप तसाच ठेवून उठले. लई दमलेत.

रस्ताभर मला डब्याची काळजी. नऊ दिवस, त्यात एप्रिलचं ऊन, पाण्याचा थेंब न्हाय. पिशव्या टाकून आधी गच्चीवर गेले. पात हिरवीगार! माती ओली! आणि डबा जागेवर न्हवता, टाकीच्या दुसऱ्या बाजूला सरकवलेला. काकूंना कुरडयांना जागा पाहिजे असंल म्हणून ढकलला असणार. नशीब, तिकडं दुपारची सावली असते, म्हणून जगली. आणि टाकी गळत असंल कुठंतरी, म्हणून माती ओली. मी सगळी टाकी हात फिरवून बघितली, कुठं गळते ते काय सापडलं न्हाय.

२२ एप्रिल

आज बसव जयंती. बाहेर मिरवणूक होती. अव्वाला खिडकीशी बसवली. गाणी ऐकत बसली. एक पोरगा खालनं नाचत गेला तसा तिनं बोटांनी कट्ट्यावर ठेका धरला.

आता ती सारखं शिकवत असते. शेंगाच्या पोळीचं सारण किती कोरडं पाहिजे, पापडखार कुठनं आणायचा, अप्पांच्या डब्यात चटणी कुठल्या बाजूला ठेवायची म्हणजे भाकरीला तेल लागत न्हाय. म्हणते, डायरीत लिही. मी लिहिते शेवटच्या पानांवर. पहिलं कधी एवढं बोलायची न्हाय. आजार उतरायला लागला की माणूस बोलकं होतं असं म्हणतात ते खरं हाय.

"आणि बोलायला शीक गं," मधीच म्हणाली. "सगळं मनात ठेवतीस. माझ्यासारखं."

खाल्लं: कण्या वाटीभर. परत वाटीभर.

२७ एप्रिल

अष्टमी. कापली न्हाय. अव्वानं नुसतं ताक घेतलं, तेबी कापूस भिजवून ओठाला लावलं.

काकू आज वर आल्या, अव्वाजवळ बसल्या. मी आत चहा करत होते. चहा घेऊन आले तर काकू अव्वाची वेणी घालत होत्या. केस कुठले, बोटाएवढी वेणी.

"अक्का, तुमचं अंगण रोज खराब होतंय," अव्वा बारीक आवाजात म्हणाली.
"होऊ दे. झाडायला हात हायत मला."

मला वाटलं झाडाची पानं पडतात त्याबद्दल बोलतात.

३ मे

चतुर्दशी.

आज सकाळी अव्वा आपणहून बोलली. किती दिवसांत आपणहून कायच मागितलं न्हवतं. "दानव्वा, कण्या कर. पात घालून. आज खाईन असं वाटतंय."

मी उठले, कातरी घेतली आणि डायरीतला लाल गोल आठवला.

"अव्वा, आज चौदस हाय."
"व्हय की." म्हणाली. "इसरलेच बघ. मग उद्या."
"उद्या सकाळी उठल्या उठल्या कापते."
"व्हय. उद्या."

तरी मला राहवलं न्हाय. वाटलं काकूंनाच विचारावं, आजच्या दिवस कापू का म्हणून. जिना उतरायला लागले. अकरा पायऱ्या हायत आमच्या. सातव्या पायरीपर्यंत गेले. काकू अंगणात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "काय गं?"

सगळं ओठावर होतं.

"काय न्हाय," म्हटलं आणि परत वर आले.

नुसत्या कण्या केल्या. अव्वानं एक चमचा तोंडात धरला, लई वेळ धरला, आणि गिळला. म्हणाली, चांगल्या झाल्यात.

पात लई वाढलीय, वीतभर. उद्या दोन वाट्यांना पुरंल.

खाल्लं: एक चमचा.

५ मे

काल पहाटे अव्वा गेली.

अप्पांनी मला उठवलं तेव्हा झालं होतं. तिचा हात लिंगावर होता.

आमच्यात बसवून नेतात. खुर्चीत बसवली, हिरवं लुगडं, कपाळभर विभूती. ती एवढी हलकी झालेली की चार माणसं उगीच होती. खाली मातीत कोनाड्यासारखं केलतं, तिथं मांडी घालून बसवली. जंगम अय्यांनी बेलाची पानं ठेवली. मग सगळ्यांनी माती टाकली. मी पण टाकली.

काकू दारात उभ्या होत्या. परत आलो तेव्हा पिठलं-भात आणून ठेवलेला. अप्पांनी ताटात हात घातला आणि तसाच ठेवला.

मी सकाळी उठल्या उठल्या कापणार होते.

खाल्लं:

१२ मे

कपडे वाळत घालायची तार तुटली म्हणून खिडकीतनं बाहेर वाकले. कट्ट्याखाली भिंतीवर पांढरे ओघळ वाळलेत, एकावर एक. लई हायत. नखानं खरवडलं तर ज्वारीची भरड निघाली, आणि त्यात बारीक वाळलेली पात.

मी लई वेळ तशीच वाकून राहिले.

मग डायरी काढली आणि २५ मार्चपास्नं वाचली. वाटीभर. वाटीभर. वाटीभर. माझंच अक्षर. किती वळणदार काढलंय.

खालचं अंगण एकदम स्वच्छ हाय. काकू आता परत सकाळी एकदाच झाडतात. कावळे येत न्हाईत.

अप्पांना काय सांगितलं न्हाय.

१८ मे

चतुर्दशी. लाल गोल.

अप्पा आजपास्नं कंपनीत गेले. मी गच्चीवर डब्याजवळ बसले होते. बसव जयंतीनंतर कातरी लावलेली न्हाय. पात वाढून चारी बाजूंनी आडवी पडलीय, मधी जांभळी गोंड्यासारखी फुलं आलीत. पाणी तेवढं घालते.

काकू वर आल्या. बस्तीत जाऊन आलेल्या, कपाळाला गंध होतं.

"दाने, कापत का न्हाईस? कुजंल की सगळी."

मी मान खाली घातली. मग काय झालं कळलं न्हाय, मी बोलायलाच लागले. एवढं मी जन्मात कुणाशी बोलले न्हवते. शपथेचं सांगितलं, लिंगाला हात लावल्याचं सांगितलं. तीन तारखेला अव्वानं मागितली आणि मी चौदस म्हणून कापली न्हाय, ते सांगितलं. विचारायला सातव्या पायरीपर्यंत आलते, तेबी सांगितलं. शेवटी म्हटलं, "काकू, तिनं एकदाच मागितलं वो. एकदाच मागितलं आणि मी उद्या म्हटलं."

काकू टाकीला टेकून खाली बसल्या.

"मी कदी सांगितलतं गं, माझ्या तिथी पाळा म्हणून?"
"न्हाय. अव्वा म्हटली. तुमाला कळूबी द्यायचं न्हवतं."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या, सोडत बसल्या. मग म्हणाल्या, "तू जिन्यात आलीस त्या दिवशी. मी 'काय गं' म्हटलं, आणि परत तांदळात बघाय लागले. तुझं तोंड बघितलं असतं तर कळलं असतं मला. बघितलं न्हाय."

खालनं भंगारवाल्याची हाक आली, गेली.

"तुमी मिरजेला हुता तवा मीच पाणी घालत हुते ह्येला. चौदसला पण घातलं. मनाला म्हटलं, पाणी घातलेलं चालतं."

मी त्यांच्याकडं बघितलं. टाकी कुठंच गळत न्हवती तर.

"आणि अंगण..." मी म्हटलं.
"ते राहू दे." काकूनी हात हलवला. "तिनं मला हात जोडलेले, पोरीला कळू देऊ नका म्हणून. काय सांगायचं हुतं मी तुला? आईसाठी एवढं करतेस, आणि आई..." नाक पुसलं. एकदम त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुझा बा चौदा दिवस झालं नुसत्या चहावर हाय. तू काय खातीस ते तुझ्या हाडांवरनं दिसतंयच. ऊठ. कातरी आण."
"आज चौदस हाय, काकू."
"मला सांगतीस व्हय? आत्ता बस्तीतनं आले. आण म्हणते की."

मी खाली जाऊन कातरी आणली. काकूनी तोंड पलीकडं फिरवलं, रस्त्याकडं. "मी बघत न्हाय," म्हणाल्या. "तू काप."

मी कातरी लावली तर डबा हलायला लागला. काकूनी तोंड न फिरवता एक हात मागं केला, चाचपला, आणि डब्याची कड घट्ट धरून ठेवली.

दोन बोटं ठेवून कापली. सगळी.

अप्पांनी खाल्लं: एक भाकरी, कण्या दोन वाट्या.
मी खाल्लं: वाटीभर. खरंच वाटीभर.